हत्ती एक घर वर, एक घर खाली

ओल्खोवाया फाटक
१२ जानेवारी १९६९

रिम्मे,

पत्र मिळालं. कात्रण मिळालं. मोजे मिळाले का ते तू लिहिलं नाहीस, म्हणजे मिळालेत आणि घालत नाहीस. घाल.

कात्रण दोनदा वाचलं. चार इयत्ता शिकलेल्या बाईला कळायचं तेवढं कळलं. मॉस्कोत तुमच्या संस्थेत खोलीभर पसरलेलं एक मशीन आहे, ते बुद्धिबळ खेळतं. अमेरिकेत एका विद्यापीठात दुसरं आहे, तेही खेळतं. दोघांची जुंपलीय. फोटोत तुमचे मोठे साहेब टाय लावून उभे आहेत. तू कुठं आहेस? मी भिंग लावून शोधलं. कपाटामागे एक कोपर दिसतंय, ते तुझं का?

शेजारचा अवेर्की म्हणतो, "आत एखादा बुटका मास्तर बसवला असणार." मी म्हटलं, "तुझ्या डोक्यात बसवायला हवा होता." पण खरं सांगते, मलाही तशी शंका आली. मशीन लाकूड कापतं, दूध घुसळतं, ते समजतं. विचार कसला करतं? आणि करत असेल तर खेळच का खेळतं? त्याला सांगा, आमच्या रेल्वे फाटकावरच्या मालगाड्या वेळेवर सोड म्हणावं.

ते जाऊ दे. सात वर्षांची माझ्याकडे आलीस तेव्हा घोडा अडीच घरं कसा जातो ते मी तुला शिकवलं, आणि आता तू तिथं नेमकं काय करतेस ते मला लोकांना सांगता येत नाही. सगळे विचारतात. मी सांगते, "मशीनला चहा पाजते."

नीट लिही. मुख्य म्हणजे चाली लिहून पाठव. बोलणारे पुष्कळ असतात, पटावर काय चाललंय ते बघितल्याशिवाय मी कोणाचं कौतुक करत नाही.

तुझी मावशी
ग्लाफिरा


मॉस्को
२५ जानेवारी १९६९

मावशे,

आत बुटका मास्तर नाही. मी आत डोकावले आहे. दिवे आहेत, तारा आहेत आणि भयंकर उकाडा आहे. मशीन जुनं आहे आणि सारखं घुमत असतं, म्हणून आम्ही सगळे त्याला 'आजोबा' म्हणतो. कोपर माझंच आहे.

आता माझं काम सांगते. अमेरिकेहून तार येते, त्यात त्यांच्या मशीनची चाल असते. मी ती चाल कार्डावर मारते. कार्ड म्हणजे जाड कागदाची पट्टी, तिला ठराविक जागी भोकं पाडायची. आजोबांना दुसरं काही वाचता येत नाही, फक्त भोकं. कार्ड आत घालायचं, मग ते तासभर घुमतात आणि आपली चाल आकड्यांत छापून देतात. गेर्मान ल्वोविच म्हणजे आमचे उपप्रमुख, ते सही करतात आणि मी तारघरात जाते. आठवड्याला दोन चाली होतात.

दोन डाव आहेत, एकामागून एक. नियम कडक आहे. डाव सुरू झाला की माणसानं हात लावायचा नाही. चाल सुचवायची नाही, आजोबांना शिकवलेलं बदलायचं नाही. काही दुरुस्त करायचंच असेल तर दोन डावांच्या मध्ये.

आजोबांना शिकवलंय ते इन्नोकेन्ती पाव्लोविच यांनी. कात्रणातले टायवाले तेच. चार वर्षं खपले आहेत ते या कामात. टाय त्यांचा नाही, फोटोसाठी मागून आणलेला होता. माणूस फार चांगला आहे. मी इथं तात्पुरती आहे हे तुला माहीत आहे. सामना संपेपर्यंत माझ्या कामात एकही चूक निघाली नाही तर ते मला कायमची घेणार आहेत, आणि कार्डं मारायला नाही, त्यांच्या गटात, आजोबांना शिकवायच्या कामावर. त्यांनी स्वतः सांगितलं. मावशे, मला दुसरं काहीही नको आहे. रात्रंदिवस डोक्यात तेच असतं.

आणि आपण जिंकतोय! आजपर्यंतच्या सगळ्या चाली वेगळ्या कागदावर लिहिल्या आहेत.

तुझी
रिम्मा

ता.क. मोजे घालते. आतल्या उकाड्यात घालता येत नाहीत, तारघरात जाताना घालते.


ओल्खोवाया फाटक
९ फेब्रुवारी १९६९

रिम्मे,

डाव मांडला. दुपारच्या मालगाडीला सिग्नल मिळाला नव्हता, तिचा ड्रायव्हर फोका उतरून आला, त्याच्यासोबत बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत लावला. फोका म्हणाला, "ही दोघं दारू पिऊन खेळलीत." ते काही खोटं नाही. बाराव्या चालीला तुमच्या आजोबांनी उंट फिरायला का काढला? हवा खायला? आणि ते अमेरिकेतलं तर प्यादं मिळालं की हुरळून जातं, मागं वजीर उघडा पडला तरी ह्याला पत्ता नाही.

पण एक कबूल करते. विसाव्या चालीनंतर आजोबा बरे खेळलेत. चिवट आहेत. आता त्यांच्याकडे हत्ती जास्तीचा आहे आणि समोरचा राजा एकटा पळतोय. असा डाव मी आठ वर्षांच्या पोराला दिला तरी तो जिंकेल. राजाला पटाच्या कडेला ढकलायचं, आपला राजा त्याच्यासमोर उभा करायचा, हत्तीनं शह द्यायचा. मात.

तेव्हा तुझी नोकरी पक्की समज. शेवटच्या चाली पाठव, मला मात बघायची आहे.

काकड्यांची बरणी एका ओळखीच्या गाडीतून पाठवलीय. बरणी परत पाठव, काकड्या नकोत.

ग्लाफिरा


मॉस्को
९ मार्च १९६९

मावशे,

कशी आहेस? गुडघा कसा आहे? इथं सगळं छान आहे. काकड्या फार चविष्ट होत्या, मैत्रिणींना दिल्या.

पहिला डाव बरोबरीत सुटला. असं होतं कधी कधी. चाली फार काही बघण्यासारख्या नाहीत म्हणून पाठवत नाही.

मी विचार करत होते की थोडे दिवस तिकडं यावं. सुट्टी मिळेल असं वाटतं, कदाचित मोठी मिळेल. स्टेशनवर तिकिटाच्या खिडकीत माणूस हवा होता ना, ती जागा अजून रिकामी आहे का? सहज विचारते.

रिम्मा


ओल्खोवाया फाटक
१६ मार्च १९६९

रिम्मे,

तुला खोटं लिहिता येत नाही. लहानपणीही येत नव्हतं. दुधाचं भांडं तू फोडलं होतंस तेव्हा माझ्या गुडघ्याची चौकशी करत आली होतीस. तेव्हा माझा गुडघा दुखतही नव्हता.

जास्तीचा हत्ती हातात असताना बरोबरी? ते असं कधी कधी होत नाही. आणि मार्च महिन्यात मोठी सुट्टी कोणाला मिळते? आजाऱ्याला आणि काढून टाकलेल्याला. तू आजारी असतीस तर काकड्या मैत्रिणींना दिल्या नसत्यास.

काय झालं ते सरळ लिही. रडगाणं नको, कारणं नकोत. काय झालं, कोण काय म्हणालं, आणि शेवटच्या चाली. चाली गाळू नकोस.

ग्लाफिरा


मॉस्को
२४ मार्च १९६९

मावशे,

बरं. सांगते.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अमेरिकेचा राजा कोपऱ्यात अडकला. आमचा राजा त्याच्या पुढ्यात एक घर सोडून उभा, आणि आमचा हत्ती शेजारच्या उभ्या पट्टीत अगदी तळाला. त्यांच्या राजाला दोनच घरं उरली होती, कोपरा आणि कोपऱ्याच्या बाजूचं. तो कोपऱ्यात असताना हत्ती सरळ वरपर्यंत नेला की मात. मी कार्ड घातलं. सगळी संस्था जमली होती, कोणीतरी केकही आणला होता. आजोबा तासभर घुमले आणि चाल छापली.

हत्ती एक घर वर.

आम्ही आकडे तीनदा वाचले. नियम म्हणजे नियम, हात लावायचा नाही. तार पाठवली. त्यांचा राजा बाजूच्या घरात गेला, त्याला दुसरीकडे जाताच येत नव्हतं. मग आजोबांनी काय करावं? हत्ती एक घर खाली. राजा परत कोपऱ्यात. पुन्हा मात समोर. पुन्हा हत्ती एक घर वर. मग खाली. असं चार चाली, दोन आठवडे. तोच पट तिसऱ्यांदा आला आणि त्यांची तार आली: नियमाप्रमाणे बरोबरी, आभारी आहोत. त्यांनी आभार मानले, मावशे! केक कोणी कापलाच नाही.

मग शोध सुरू झाला. आठवडाभर इंजिनियरांनी आजोबांचा एक एक दिवा तपासला. सगळे धडधाकट. तेव्हा गेर्मान ल्वोविच म्हणाले, "मशीन बरोबर, प्रोग्रॅम बरोबर, मग उरलं काय? कार्ड. भोक एक घर इकडे पडलं, मशीनला वाटलं राजा भलतीकडेच आहे. झालं." सगळे माझ्याकडे बघायला लागले.

कार्डं दाखव म्हणाले. मी कुठून दाखवणार? इथं वापरलेली कार्डं कोणी ठेवत नाही. मागची बाजू कोरी असते, सगळे त्यावर बाजाराच्या याद्या लिहितात, निरोप लिहितात. गेर्मान ल्वोविच यांच्याच टेबलावर माझ्या कार्डांचा गठ्ठा असतो. ती सगळी बटाटे आणि साबण लिहून कचऱ्यात गेली.

इन्नोकेन्ती पाव्लोविच मात्र खिडकीबाहेर बघत राहिले. मला तेच जास्त लागलं.

चार एप्रिलला बैठक आहे. एक कागद तयार केलाय: माझ्या निष्काळजीपणामुळे चूक झाली, मी मान्य करते. सही केली की मला गुपचूप सोडतील, बोभाटा होणार नाही. नाही केली तर चौकशी, आणि मग शेरा मारून काढतील, तो शेरा जन्मभर चिकटेल. सगळे म्हणतात सही कर.

खरं सांगू? आता मलाच वाटायला लागलंय की मी चुकले असेन. पहिल्या त्या मंगळवारी माझं डोकं दुखत होतं.

चाली मागं लिहिल्या आहेत.

रिम्मा


तार
ओल्खोवाया, २९ मार्च १९६९

सही करू नकोस. पत्र येतंय. मावशी


ओल्खोवाया फाटक
२९ मार्च १९६९

रिम्मे,

तार पाठवायला स्टेशनपर्यंत चालत गेले, बर्फ वितळून नुसता चिखल झालाय. तेव्हा नीट वाच, उगाच चालले नाही मी.

तू चुकली नाहीस. तू माझी भाची आहेस म्हणून म्हणत नाही. चुकली असतीस तर तुला पहिली मीच बोलले असते. पटावर दिसतंय म्हणून सांगते.

डाव मांडला. ऐक. समज, तुझं भोक इकडे पडलं आणि आजोबांना वाटलं राजा दुसरीकडे आहे. मग आजोबा त्या दुसऱ्या राजाच्या मागे धावले असते ना? हत्ती पट्टी सोडून कुठंतरी गेला असता. आपला राजा जागेवरून हलला असता. एखादा शह हवेत दिला असता. तसं झालं का? चार चाली झाल्या. आपला राजा हलला नाही. हत्तीनं ती पट्टी सोडली नाही. समोरच्याला तिसरं घर मिळू दिलं नाही. प्रत्येक वेळी मात एका नाहीतर दोन चालींवर तयार ठेवूनच आजोबा बसलेत. आंधळ्याला हे जमतं का? एकदा जमेल. चार वेळा नाही. आणि तूही काय चार वेळा बरोबर तीच चूक केलीस? एवढी शिस्त तुझ्यात असती तर मोजे घातले असतेस.

आजोबांना मात दिसत होती. चारही वेळा. दिसत असून दिली नाही.

आता तू म्हणशील, दिसत असून कोण देत नाही? मी सांगते कोण देत नाही. अवेर्की.

त्याच्या विहिरीला झाकण नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी त्यानं फळ्या आणल्या. चांगल्या, रंधा मारलेल्या. खिळे आणले. आजही सकाळी मी विचारलं, "अवेर्की, झाकण?"

"झालंच समज, ग्लाफिरा तिमोफेयेव्ना. फळ्या आहेत, खिळे आहेत."

"मग ठोक की."

"त्यात काय, उद्या ठोकलं तरी तेच आहे."

तो आळशी नाही गं. दिवसभर राबतो. फळ्या ऊन लागू नये म्हणून इकडून तिकडे हलवतो, पाऊस आला की परत तिकडून इकडे. तीन वर्षं हलवतोय. त्याच्या हिशेबात आज ठोकलेलं झाकण आणि उद्या ठोकायचं झाकण, दोन्ही सारखंच. मग आज कशाला?

तुमच्या साहेबांना जाऊन एवढंच विचार: आजोबांच्या हिशेबात आत्ताची मात आणि पुढच्या चालीची मात, दोन्हींची किंमत सारखीच धरलीय का? सारखी असेल तर आजोबांनी काही चुकीचं केलं नाही. त्यांना कोणी सांगितलंच नाही की लवकर आटपा.

मला भोकं कळत नाहीत आणि दिवे कळत नाहीत. पण रेंगाळणारा माणूस मी लांबून ओळखते.

आणि त्या साहेबांबद्दल माझं मत चांगलं नाही. खिडकीबाहेर काय होतं एवढं बघण्यासारखं? भित्रा माणूस. त्यांना सांगू नकोस, किंवा सांग, मला काय.

कागदावर सही करायची नाही. विचारायचं. बसून नाही, उभं राहून.

ग्लाफिरा


मॉस्को
६ एप्रिल १९६९

मावशे! मावशे!

तुझं पत्र तीन तारखेला संध्याकाळी आलं, बैठकीच्या आदल्या दिवशी. मी ते इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं.

बैठकीत गेर्मान ल्वोविच यांनी कागद पुढे सरकवला, पेनचं टोपण काढून दिलं. मी उभी राहिले. म्हटलं, "सही करण्याआधी एक विचारायचंय."

"विचार, पण लवकर."

"मात झाली तर आपण किती गुण देतो?"

"हे हिला कशाला हवंय?" गेर्मान ल्वोविच म्हणाले. पण इन्नोकेन्ती पाव्लोविच यांनी खिडकीकडची मान वळवली. "दहा हजार," ते म्हणाले.

"आत्ताच्या चालीत झाली तर?"

"दहा हजार."

"आणि त्याच्या पुढच्या चालीत झाली तर?"

"दहा..." आणि ते थांबले. मावशे, त्यांचा चेहरा बघायला हवा होता तू. तोंड उघडंच राहिलं. मग उठून शेजारच्या खोलीत गेले, प्रोग्रॅमच्या तक्त्यांचा गठ्ठा घेऊन आले, जमिनीवर पसरला आणि बसले त्यावर गुडघे टेकून. बोट लावून लावून वाचत होते.

"दोन्ही सारखेच," ते म्हणाले. "मात आत्ता होवो की नंतर, गुण तेच. दोन सारख्या चाली दिसल्या की तो यादीतली पहिली घेतो. यादीत पहिली हत्ती एक घर खाली, आणि तो तळाला असेल तर? हत्ती एक घर वर." मग डोकं धरून हसायला लागले, आणि ते हसू ऐकून मला रडू आलं.

गेर्मान ल्वोविच यांना पटेना. ते म्हणाले, सिद्ध करा. तेव्हा इन्नोकेन्ती पाव्लोविच म्हणाले, "करा ना. तुम्हीच कार्डं मारा. तुमच्या हातानं, तुमच्या डोळ्यांसमोर. ही मुलगी दाराबाहेर उभी राहील."

तर काल मी दाराबाहेर उभी होते आणि गेर्मान ल्वोविच आत कार्डं मारत होते. सहा कार्डं फुकट घालवली त्यांनी! शेवटी तोच पट आजोबांना दिला. तासाभरानं दार उघडलं. ते घामाघूम, कागद हातात.

"हत्ती एक घर वर," ते म्हणाले. आणि मग, मावशे, ते मला म्हणाले, "बोटं दुखतात हो या कामानं." त्यांच्याकडून एवढंच निघालं. पण माझ्या नावाचा तो कागद त्यांनी स्वतःच फाडला.

दुरुस्ती एका ओळीची निघाली. मात जितक्या चाली लांब, तितके गुण कमी करायचे. एका चालीला एक. लगेच करून बघितलं. आजोबांनी घुमून चाल छापली: हत्ती थेट वर. मात. लोकांनी टाळ्या वाजवल्या, एका जुन्या मशीनसाठी.

इन्नोकेन्ती पाव्लोविच यांनी मला नंतर बाजूला घेतलं. म्हणाले, "त्या दिवशी मी खिडकीबाहेर बघत होतो, कारण मला आतून वाटत होतं की चूक माझी आहे. आणि तपासायची हिंमत होत नव्हती. मला माफ कर." मग विचारलं, "ही कल्पना तुझी?" मी खरं सांगितलं. "माझ्या मावशीची. रेल्वेच्या फाटकावर असते." ते म्हणाले, "चार वर्षं सात विद्वान बसले होते."

दुसरा डाव मे महिन्यात सुरू होतोय. कार्डं मीच मारणार, फक्त आता प्रत्येक कार्डाला दोन साक्षीदार आणि एकही कार्ड फेकायचं नाही. कायमच्या नोकरीचं डाव संपल्यावर बघू म्हणालेत. महिनाभर जेवण जात नव्हतं, पण आज मी दोन वाट्या सूप प्यायले आणि वर पाव खाल्ला.

रिम्मा


ओल्खोवाया फाटक
१३ एप्रिल १९६९

रिम्मे,

बरं झालं.

मलाही गेले पंधरा दिवस जेवण जात नव्हतं. आता सांगायला हरकत नाही.

तुमच्या साहेबांचं पत्र आलं. 'आदरणीय ग्लाफिरा तिमोफेयेव्ना' असं सुरू केलंय. पोस्टमननं ते दारातच मोठ्यानं वाचून दाखवलं, सगळ्या गल्लीला. मी त्याला बजावलंय, पुन्हा असं केलंस तर फाटक तुझ्या सायकलवर पाडीन. साहेब संस्थेतर्फे मानपत्र पाठवू म्हणतात. नको म्हणून कळव. भिंतीवर खिळा ठोकावा लागेल, आणि भिंत ओली आहे. त्यापेक्षा त्यांनी तुझ्या जागेचा कागद करावा.

आणि हो, भित्रा म्हणाले होते ते मागं घेते. चूक झाली असं तोंडानं म्हणणारे साहेब मी आयुष्यात दोनच पाहिलेत, दुसरा युद्धात हॉस्पिटलच्या गाडीवर होता.

अवेर्कीला सगळी गोष्ट सांगितली. म्हटलं, "तुझ्यामुळे मॉस्कोचं मशीन सुधारलं." त्याला फार आनंद झाला. म्हणाला, "म्हणजे माझं काही चुकत नव्हतं." ह्या माणसाचं काय करावं?

काम नीट कर. साक्षीदार दोन असोत की वीस, भोकं तूच बघ.

ग्लाफिरा


मॉस्को
२१ सप्टेंबर १९६९

मावशे,

उन्हाळाभर पत्रं आखूड लिहिली म्हणून रागावली असशील. मुद्दाम लिहीत नव्हते. वाटायचं, लिहिलं की बिघडेल.

डाव फार वाईट सुरू झाला होता. जुलैत आपलं प्यादं गेलं, ऑगस्टमध्ये घोडा अडकला. गेर्मान ल्वोविच रोज आत डोकावून विचारायचे, "मेलो का आपण?" मग ते अमेरिकेतलं मशीन आपल्या सवयीवर गेलं, एका प्याद्याला भुललं आणि वजीर देऊन बसलं. त्यानंतर आजोबांनी पकड सोडली नाही.

परवा त्यांचा राजा पुन्हा कडेला आला. यावेळी आमच्याकडे वजीर होता. एका चालीत मात. मी कार्ड मारलं. दोन्ही साक्षीदारांनी उजेडात धरून भोकं मोजली, मग मी पुन्हा मोजली, मग गेर्मान ल्वोविच यांनी त्यांच्या दुखऱ्या बोटांनी मोजली. कार्ड आत गेलं. या खेपेला केक कोणी आणला नव्हता. इन्नोकेन्ती पाव्लोविच पायऱ्यांवर जाऊन बसले.

आजोबा घुमायला लागले. तास होईल असं आम्ही धरून चाललो होतो. मावशे, चार मिनिटांत थांबले. चार! मला वाटलं बंद पडले. कागद बाहेर आला तो मी ओढला नाही. गेर्मान ल्वोविच यांनी ओढला, वाचला, आणि माझ्या हातात दिला.

वजीर. मात.

मी पायऱ्यांवर गेले. इन्नोकेन्ती पाव्लोविच यांनी वर बघितलं. मी म्हटलं, "दिली." ते म्हणाले, "पहिल्याच चालीत?" मी म्हटलं, "पहिल्याच." तेव्हा त्यांनी श्वास सोडला. मला वाटतं एप्रिलपासून त्यांनी तो धरून ठेवला होता.

तारघरातल्या बाईनं विचारलं, "फक्त एवढाच मजकूर?" म्हटलं, "एवढाच." आज सकाळी अमेरिकेहून उत्तर आलं: हरलो, छान खेळलात, अभिनंदन. सामना आपला.

आणि मावशे, दुपारी मला बोलावलं होतं. एक ऑक्टोबरपासून मी गटात. कायमची. कागद झालाय, शिक्का आहे, मी स्वतः हात लावून बघितला. पहिलं काम काय दिलंय माहीत आहे? आजोबा उंट उगाच फिरायला का काढतात ते शोधायचं.

तुझी
रिम्मा


ओल्खोवाया फाटक
२८ सप्टेंबर १९६९

रिम्मे,

पत्र काल फाटकावरच मिळालं. सकाळची पॅसेंजर येत होती, मी दांडा खाली केला होता आणि पोस्टमन येऊन हातात देऊन गेला. मोठ्यानं न वाचता. मी उभ्या उभ्याच फोडलं.

पॅसेंजर गेली. मी जुलैपर्यंत आले होते, प्यादं गेलं तिथं. म्हटलं एवढं वाचून दांडा उचलू. मग घोडा अडकला. मग वजीर. मग तू शिक्क्याला हात लावलास ते दोनदा वाचलं.

बावीस वर्षं झाली मला या फाटकावर. गाडी गेल्यावर दांडा एक मिनिट जास्त खाली राहिला असं कधी झालं नाही, कोणालाही विचार. काल बटाट्याचे चार ट्रक, दोन घोडागाड्या आणि शाळेची सगळी पोरं उभी. हॉर्न वाजत होते म्हणे. मला ऐकू आले नाहीत.

पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर उतरून आला. तरुण होता, इकडचा नव्हता. म्हणाला, "काय झालं आजी? अजून एक गाडी यायचीय का?"

म्हटलं, "नाही. गेली केव्हाच."

"मग उघडा की!"

म्हटलं, "थांब रे जरा. आमची पोरगी मॉस्कोतच राहिली, कायमची."

त्याला काही कळलं नाही. पण माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि दांडा त्यानंच वर केला.

ग्लाफिरा